तात्यांची डावी बाजू

४ ऑगस्ट, सोमवार

आज परत खांब घासला.

जीप फाटकातून आत घेताना तात्यांनी डावी बाजू पार मागच्या चाकापर्यंत खरवडून घेतली. मी अंगणात कपडे वाळत घालत होते. पत्र्याचा आवाज असा आला की हातातली चादर खाली पडली. तात्या उतरले, खांबाकडं बघितलं आणि म्हणाले, गवंड्यानं खांबच वाकडा बांधलाय. सासूबाई बाहेर आल्या. काही न बोलता पदरानं जीपवरचा चुना पुसायला लागल्या.

मागच्या महिन्यात शेजारच्यांची कुंडी. त्याच्या आधी दूधवाल्याची सायकल – नुसती उभी होती, नशीब! आता हे. सगळं डावीकडंच.

आणि सासरे माझे असे, की गावाकडं पाचोडच्या बाजारात भर गर्दीतून जीप काढायचे तेव्हा भाजीवाल्यांच्या ताडपत्रीला चाक लागायचं नाही. लग्न होऊन मी याच जीपमधून या घरी आले. तात्या चालवत होते आणि मला गाडी लागते म्हणून सगळा रस्ता सावकाश आले होते. त्यांना आता स्वतःच्या फाटकाचा खांब दिसत नाही?

विश्वजीत कंपनीतून आल्यावर त्यांना सांगितलं, वडील त्यांचेच. "वय झालंय," म्हणाले. टीव्हीचा आवाज वाढवला.

६ ऑगस्ट, बुधवार

तात्यांची डावी चप्पल अंगणात पडलेली. तात्या ओसरीवर, एका पायात चप्पल, पेपर वाचतायत. त्यांना पत्ताच नाही. सासूबाईंनी चप्पल उचलली, त्यांच्या पायापाशी ठेवली आणि आत गेल्या. माझ्याकडं बघितलं नाही.

गिअर टाकताना पण हल्ली कर्रकर्र आवाज येतो. क्लच पूर्ण दाबला जात नसावा. तोही पाय डावाच.

८ ऑगस्ट, शुक्रवार

लेक झोपल्यावर वही काढली.

श्रेयाला शाळेत तात्याच सोडतात. पहिलीपासून. तिसरीतल्या सगळ्या मैत्रिणी रिक्षानं येतात, हिला आजोबांची जीप, त्याचा तिला लई तोरा. आज दप्तर काढता काढता सहज बोलली – आज आम्ही तलावावर गेलो होतो. हर्सूल तलाव. शाळेचं वळण तर त्याच्या किती अलीकडं.

मी विचारलं, कशाला गेलात?

म्हणाली, आजोबा म्हणाले पाणी बघ किती आलंय. मग त्यांनी मलाच विचारलं, "बाळ, तुझी शाळा कुठल्या अंगाला गं?" मी सांगितलं. मग आलो. उशीर झाला म्हणून बाई ओरडल्या नाहीत.

तिला ती गंमत वाटली. मी तिचे केस विंचरत बसले. विंचरून झाले तरी विंचरत होते.

११ ऑगस्ट, सोमवार

श्रेयाला रिक्षानं पाठवलं. तात्यांना सांगितलं की तिच्या मैत्रिणीच्या आईनं आग्रह केला, दोघी मिळून जातील. खोटं.

तात्या जीप पुसून तयार होते. फडकं हातात तसंच. "बरं," म्हणाले, आणि पुसलेली काच परत पुसायला लागले.

कॉलेजच्या लायब्ररीत दिवसभर कामात लक्ष नव्हतं. आलेली पुस्तकं भलत्याच कपाटात लावली, परत काढली.

१३ ऑगस्ट, बुधवार

भांडण झालं. मोठं.

तात्यांचं लायसन सप्टेंबरात संपतंय. या वयात नूतनीकरणाला डॉक्टरचा दाखला लागतो – डोळे, कान, हातपाय, गाडी चालवायला माणूस धड आहे असा. विश्वजीतनी तो आणला पण! आरटीओच्या बाहेर बसतो त्या एजंटाकडून. खाली कुणा डॉक्टरची सही, शिक्का, सगळं. त्या डॉक्टरनं तात्यांना जन्मात बघितलेलं नाही.

मी म्हटलं, हे काय आहे?

म्हणाले, सगळे असंच करतात. त्यांना दवाखान्यात नेऊन बसवायचं, बाराखडी वाचायला लावायची, बरं दिसतं का ते? अख्ख्या पाचोडात तात्यासाहेब म्हणून मान आहे त्यांना.

मी तलावाचं सांगितलं. तोवर सांगितलं नव्हतं. विश्वजीत एकदम खाली बसले. मग हळू म्हणाले, "मोनिका, मी कसं सांगू गं त्यांना? मला सायकल पण त्यांनीच शिकवली."

राग आला होता तो गेला माझा. पण मी म्हटलं, तो कागद दिलात तर सही त्या डॉक्टरची असली तरी जबाबदारी आपली. आपल्या डॉक्टर चारुता मॅडमकडं न्या. त्या म्हणाल्या चालवू द्या, तर मी परत तोंड उघडणार नाही.

१४ ऑगस्ट

ठरलं. सोमवारी चारुता मॅडम. तात्या हसले. म्हणाले, मला काय धाड भरलीय, वाचून दाखवतो सगळं धडाधड.

एजंटाचा कागद विश्वजीतनी फाडून टाकला. मला न सांगता. केराच्या डब्यात दिसला.

१८ ऑगस्ट, सोमवार

विश्वजीतना सुट्टी मिळाली नाही. मीच गेले बरोबर.

तात्यांनी इस्त्रीची टोपी घातली होती. चारुता मॅडम आमच्या जुन्या डॉक्टर, श्रेयाच्या वेळी पण त्यांनीच धीर दिला होता. पण आज तपासायला बसल्या तर ओळख बाजूला ठेवून. आधी भिंतीवरची अक्षरं – तात्यांनी सगळी वाचली. खिडकीतून रस्त्यापलीकडच्या स्कूटरचा नंबर वाचायला लावला – वाचला. लाल-हिरवं ओळखलं. मागं उभ्या राहून बारीक आवाजात गावांची नावं घेतली – तात्यांनी एकेक परत म्हणून दाखवलं, वर "पैठण तर बहिऱ्याला बी ऐकू येईल" म्हणाले. बीपी ठीक. तात्यांनी माझ्याकडं बघितलं, पहिला नंबर आलेल्या पोरासारखं.

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. कागदावर नाव लिहिलं. आणि मग थांबून विचारलं, "घरी काही वेगळं जाणवतं का?"

त्यांना नाही. मला विचारलं.

मी तात्यांकडं बघितलं. ते टोपी नीट करत होते. मला वाटलं, नाही म्हणावं. सगळं तपासून झालंय, एवढं सगळं बरोबर आलंय, मी कोण सांगणारी? पण श्रेया डोळ्यापुढं आली, तलावाच्या कडेला जीपमध्ये बसलेली.

सांगितलं. खांब, कुंडी, सायकल, चप्पल, क्लच. आणि तलाव पण. बोलताना मी टेबलावरच्या काचेकडं बघत होते.

तात्या एवढंच म्हणाले, "सूनबाई." बास.

मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, तात्यासाहेब, दोन्ही हात समोर धरा, सरळ. तळवे वर. असं समजा की ताट धरलंय. आता डोळे मिटा आणि मी सांगेपर्यंत हलवू नका.

तात्यांनी हात धरले. डोळे मिटले. उजवा हात होता तिथंच राहिला. डावा हळूहळू खाली यायला लागला. पंजा आत वळला. कुणी अलगद दाबत असल्यासारखा खाली, खाली, पार मांडीपर्यंत आला. आणि तात्या तसेच – ताठ, हनुवटी वर. त्यांना वाटत होतं दोन्ही हात वरच आहेत.

"उघडा," मॅडम म्हणाल्या.

तात्यांनी हाताकडं बघितलं. तो चेहरा मला विसरता येणार नाही.

मॅडमनी मग दोन्ही बाजूंना एकदम बोटं हलवली. त्यांना उजवीकडचीच कळली. म्हणाल्या, डोळे चांगले आहेत, पण डावीकडचं डोक्यापर्यंत पोचत नाहीये. पडला होतात का कुठं? डोक्याला लागलं होतं?

तात्या आधी नाही म्हणाले. मग म्हणाले, जूनमध्ये मोसंबीच्या बागेत पाय घसरला होता, ट्रॉलीची कड लागली, टेंगूळ आलं, गेलं. कुणाला बोललो नाय, उगी गलका व्हतो घरात. मॅडमनी विचारलं, रक्त पातळ करायची गोळी चालूच आहे ना? चालू आहे, दोन वर्षांपासून.

दाखल्यावर सही झाली नाही. उलट डोक्याचा स्कॅन लिहून दिला, लगेच करा म्हणाल्या. आणि तोवर गाडी अजिबात नाही.

बाहेर आल्यावर तात्या रिक्षात बसले. घर येईपर्यंत दुसरीकडं बघत होते.

१९ ऑगस्ट, मंगळवार

स्कॅन करणार नाही म्हणतात. मला येडं ठरवायचं चाललंय म्हणतात. माझ्याशी बोलत नाहीत. मी ताट वाढलं की उठतात, सासूबाईंनी वाढलं की जेवतात.

विश्वजीतनी दोनदा समजावून बघितलं. दुसऱ्यांदा तात्यांनी दार लावून घेतलं.

सासूबाई त्यांच्यासमोर मला म्हणाल्या, "सुनेनं असं चारचौघांत बोलायचं असतं व्हय?" चारचौघं कुठं होते तिथं? एक डॉक्टर. आत येऊन भांडी घासली, घासलेलीच परत.

पाचोडवरून धाकट्या दिरांचा फोन. शिवराज भावजी शेती बघतात, तात्यांचा जीव त्यांच्यात. म्हणाले, "वहिनी, बापाचं लायसन घालवून काय मिळालं तुम्हाला?"

माझं चुकलं असेल तर? हात काय, म्हातारपणानं पण खाली येत असेल.

२० ऑगस्ट

चारुता मॅडमचा फोन आला. स्कॅन झाला का? नाही म्हटल्यावर म्हणाल्या, पोळ्यापर्यंत थांबू नका.

२१ ऑगस्ट

तात्या दुपारी पण झोपलेले. जेवायला उठवलं तर कुठं आहोत ते क्षणभर कळेना त्यांना.

पोळा उद्याच. दर वर्षी बैलांची शिंगं तेच रंगवतात. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत.

२२ ऑगस्ट, शुक्रवार. पोळा

सगळं लिहिते. नाहीतर खरं वाटणार नाही.

सकाळी पुरणाची डाळ शिजत घातली होती. जीपचा आवाज आला. गॅस बंद केला आणि तशीच बाहेर पळाले. विश्वजीत पहिल्या पाळीला वाळूजच्या कंपनीत गेलेले. तात्या आत बसलेले, स्टिअरिंगवर हात. मागच्या सीटवर गोंडे, घुंगरं, रंगाचे डबे. सासूबाई दारात उभ्या, तोंडाला पदर. त्यांनी नका जाऊ म्हणून बघितलं असणार, तात्यांनी ऐकलं नसणार.

फाटकात आडवं उभं राहायची माझी काही हिंमत झाली नसती. सासऱ्यांपुढं? मी गेले, डावीकडचं दार उघडलं आणि शेजारी बसले.

"उतर," म्हणाले. दवाखान्यानंतर पहिल्यांदा माझ्याशी बोलले.

मी म्हटलं, मी पण येते पाचोडला.

"घरात सण हाय. उतर खाली."

मी दार ओढून घेतलं आणि म्हटलं, "तात्या, तुम्हाला डावीकडचं कळत नाही. मी डावीकडंच बसलेय. जे काय लागेल ते आधी मला लागेल. तुम्हाला चालत असलं तर निघा."

ते समोर बघत राहिले. इंजिन चालूच. मग त्यांनी क्लच दाबला, गिअर टाकला – कर्रकर्र. परत टाकला. परत तेच. त्यांनी खाली वाकून आपल्या डाव्या पायाकडं बघितलं. पाय क्लचवर नव्हताच, शेजारी नुसत्या पत्र्यावर होता. आपण दाबतोय असं त्यांना वाटत होतं.

किल्ली फिरवली. इंजिन बंद. केवढी शांतता झाली.

"कुठं जायचं म्हणली ती डॉक्टरीण?"

मला रडूच आलं. म्हटलं, चला, मी रिक्षा आणते.

"आन् बैलं?"

शिवराज भावजी करतील म्हटलं. "त्याला रंग नीट लावता येत नाय," म्हणाले. पण उतरले.

सासूबाई पण आल्या बरोबर. रिक्षात तात्यांची डावी चप्पल हातातच धरून बसल्या होत्या.

जालना रोडच्या हॉस्पिटलात स्कॅन झाला. तिथल्या डॉक्टरांनी उजेडावर फिल्म धरून दाखवली. कवटी आणि मेंदू यांच्यामध्ये उजव्या बाजूला रक्त साठलंय. जूनमधल्या त्या टेंगळापासून हळूहळू, थेंबाथेंबानं. उजवीकडचा मेंदू दबला की डावं अंग ढिलं पडतं. अजून थोडे दिवस काढले असते तर बेशुद्धच आणलं असतं म्हणाले.

मी विचारलं, आता?

ते म्हणाले, "काढता येतं. कवटीला छोटी भोकं पाडून रक्त बाहेर घ्यायचं. बहुतेक माणसं पहिल्यासारखी होतात." अगदी साध्या आवाजात. मी भिंतीला टेकले.

रक्ताची गोळी बंद केली, आता उद्या दुपारी ऑपरेशन. विश्वजीत कंपनीतून परस्पर आले. सह्या केल्या. शिवराज भावजी पण निघालेत.

२३ ऑगस्ट, शनिवार

आत नेताना तात्यांचं डोकं भादरलेलं. लहान मुलासारखे दिसत होते. सासूबाईंनी त्यांच्या कपाळाला हात लावला. तात्या म्हणाले, "साळू, टोपी सांभाळ." इतक्या वर्षांत त्यांना सासूबाईंचं नाव घेताना मी पहिल्यांदा ऐकलं.

बाकड्यावर आम्ही ओळीनं बसलेलो. शिवराज भावजींच्या बोटांना अजून शिंगांचा रंग. ते सारखे हात मागं घेत होते.

झालं. नीट झालं. डॉक्टर बाहेर आले तेच मान हलवत, हसत.

२४ ऑगस्ट, रविवार

हात वर राहिला!

डॉक्टरांनी डोळे मिटायला लावले, दोन्ही हात समोर. डावा हात थोडा थरथरला, पण खाली आला नाही. तात्यांनी डोळे न उघडताच विचारलं, "हाय का वर?" विश्वजीत म्हणाले, आहे, तात्या. आणि बाहेर जाऊन तोंड धुऊन आले.

शिवराज भावजी जिन्यात भेटले. काहीतरी बोलायचं होतं त्यांना. शेवटी म्हणाले, वहिनी, तुम्ही जेवलात का? आणि खाली जाऊन वडापाव घेऊन आले, सगळ्यांना मिळून संपणार नाहीत एवढे.

३० ऑगस्ट, शनिवार

घरी आणलं. गणपतीची आरती सुरू होती तेव्हाच रिक्षा दारात आली. श्रेयानं हातातला टाळ टाकला आणि पळाली. डोक्यावरची पट्टी बघून जरा बिचकली, मग विचारलं, दुखतं का? "नाय गं. आत रिकामं झालं, हलकं वाटतंय," म्हणाले.

माझ्याशी? "चहा दे" एवढंच. पण मी दिलेला चहा घेतला.

९ सप्टेंबर

माणसं बघायला येतात. पाचोडची तर रोज कुणीतरी. आज एक लांबच्या आत्या आल्या, म्हणाल्या, म्हणजे सुनेनं डॉक्टरला सांगितलं म्हणून गाडी बंद झाली म्हणं? मी चहा गाळत होते. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तात्या पण नाहीत.

वाईट वाटलं. तो माणूस चालतोय, बोलतोय, स्वतः चप्पल घालतोय, तरी मला वाईट वाटतंय. नको वाटायला.

२५ सप्टेंबर

पाऊस थांबेचना. मोसंबीत पाणी साचलंय, भावजींचे फोनवर फोन. तात्या फोनवरूनच सांगतात – कुठला चर फोडायचा, कुठला बांध. एकही गोष्ट विसरत नाहीत. भावजी म्हणाले, वहिनी, तात्या पहिल्यासारखे शिव्या घालायला लागलेत. आनंदानं सांगत होते.

जीप अंगणात उभी. वर ताडपत्री.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

परत स्कॅन. साफ! डॉक्टर म्हणाले, शोधून सापडायचं नाही असं झालंय. गाडीचं मात्र तीन महिन्यांनी बघू, तेही तुमच्या डॉक्टरनं परत पहिल्यापासून तपासल्यावर. तात्या वाद घालतील वाटलं. त्यांनी मान हलवली.

येताना रिक्षात एकदम म्हणाले, "त्या दिवशी गिअर पडला असता तर तू बसून राहिली असतीस?"

मी म्हटलं, हो.

"भ्या वाटलं नाय?"

लई वाटलं होतं, म्हटलं.

हर्सूलच्या नाक्यावर रिक्षा थांबवून पेरू घेतले. पहिला माझ्या हातात दिला.

२ नोव्हेंबर

तात्या सकाळी श्रेयाला पायी शाळेत नेतात. तिनं आजोबांना नियम करून दिलाय – डावीकडं कोण आलं ते आधी त्यांनी सांगायचं, मग तिनं. येताना ते हरले की गोळी.

बहुतेक मुद्दाम हरतात.

९ जानेवारी, शुक्रवार

चारुता मॅडमकडं. या वेळी विश्वजीत पण आले, तात्यांनीच यायला लावलं. म्हणाले, दोघं बी आत बसा.

मॅडमनी सगळं नव्यानं केलं. अक्षरं, स्कूटरचा नंबर, रंग, कान. हात पुढं धरायला लावले, डोळे मिटून. मी हाताकडं बघूच शकले नाही, तात्यांच्या तोंडाकडं बघत होते. बराच वेळ. मॅडम म्हणाल्या, उघडा. दोन्ही हात एका रेषेत. दोन्ही बाजूंची बोटं कळली. खोलीत सरळ रेषेत चालून दाखवलं, एका पायावर उभे राहिले – डाव्या.

मॅडमनी टोपण काढलं. तेव्हा तात्याच म्हणाले, "थांबा. आधी हिला विचारा. घरात काय वेगळं दिसतं का ते."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, काही नाही. भाजीला मीठ कमी म्हणतात, ते तर पहिल्यापासूनच.

सही झाली. तात्यांनी दाखला स्वतःकडं ठेवला नाही, विश्वजीतना दिला. त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि घरी येईपर्यंत दोनदा चाचपला.

अंधारात चालवणार नाही, हे तात्यांनी स्वतःच सांगितलं. कुणी म्हटलं नव्हतं.

२ फेब्रुवारी

लायसन आलं. पोस्टमननं हाक मारली तर तात्या ओसरीवरून असे उठले! फोटोत केस पांढरे, बारीक उगवलेले. श्रेया म्हणाली, आजोबा, तुम्ही यात चोरासारखे दिसताय.

ताडपत्री काढली. सगळे मिळून जीप धुतली. फाटकातून बाहेर काढली, कुठं लागली नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

पाचोड. सगळे. तात्यांनी चालवली, उन्हाच्या वेळी, सावकाश. शिवराज भावजींनी शेतात हुरडा भाजला. मोसंबीची निम्मी झाडं गेली पावसात, पण राहिलेल्यांना फुलं आलीत. वास आला लांबूनच.

तिथं पण आले होते ते लोक, सुनेनं गाडी बंद केली म्हणणारे. तात्या त्यांना म्हणाले, "हिनं सांगितलं नसतं तर तुम्ही आज हुरडा खाल्ला नसता, माझ्या फोटोला हार घातला असता." सगळे हसले. मी उठून पाणी आणायला गेले. विहिरीपाशी जरा थांबले, मग आले.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्या लिहून घ्यायला चारुता मॅडमकडं गेले होते. त्या सहज म्हणाल्या, साळूबाईंचं मला कौतुक वाटतं हो, त्यांनी तपासणीच्या आदल्या दिवशी फोन केला नसता तर मी त्या दिवशी सही करून मोकळी झाले असते. मी विचारलं, कसला फोन? मॅडमना वाटलं होतं मला माहीत आहे. सासूबाईंनी त्यांना सांगितलं होतं – मालकांना विचारू नका, सुनेला विचारा. मला बोलता येत नाही, तिला येईल.

घरी आले. सासूबाई मेथी निवडत होत्या. मी समोर बसले आणि विचारलं.

त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "मी पन्नास वर्षं त्यांना काही बोलले नाय. मी बोलले असते तर त्यांनी ऐकलं नसतं. तू खोटं बोलणार नाहीस, येवढं मला ठाऊक होतं." मग एक काडी खुडून – "बोलणी तू खाल्लीस. मी गप राहिले."

त्यांनी अर्धी जुडी माझ्याकडं सरकवली. मी निवडायला घेतली.